मोरी माशाचं तेल

बाबा, मोरीच्या तेलाबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे. तुम्ही असतानाही दोन वर्षं ते राहिलं होतं, त्यामुळे आता वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही.

तुमच्या हत्यारांच्या पेटीत खालच्या बाजूला पत्र्याचा एक चपटा डबा असायचा. होडीच्या लाकडाला लावतात ते मोरी माशाचं तेल तुम्ही इंजिनाच्या नटांनाही लावायचात, बॅटरीच्या तोंडांनाही लावायचात. मालवणच्या बंदरावर खारं वारं काय काय खातं हे तुम्हाला माहीत होतं. आईला त्या वासाचा त्रास व्हायचा, म्हणून पेटी पडवीतच राहायची. पुढे जांभ्याच्या खाणींवर पोकलेन आली आणि बंदरावरचे मिस्त्री म्हणून लोक तुम्हालाच बोलवायला लागले. तुम्ही पेटी घेऊन जायचात, डबाही सोबत जायचा.

जामसंड्याच्या पुढे सड्यावर, उघड्या कातळावर, जांभ्याची एक खाण होती. मालकाने परदेशात वापरलेलं जुनं मशीन घेतलं, ते तुमच्या शब्दावर. तुम्ही त्याच्याबरोबर जाऊन इंजिनाला कान लावून आला होतात आणि घे म्हणाला होतात. तीन महिन्यांत ते चालता चालता मरगळायला लागलं. इंजिनाचा जोर आपोआप उतरायचा, चालकासमोरच्या पडद्यावर एक आकडा यायचा, बंद करून चालू केलं की पुन्हा ठीक. तुम्ही इंजिन तपासलंत, पंप तपासलात, काही सापडलं नाही. मालक म्हणायला लागला की मिस्त्रीने माझ्या गळ्यात भंगार बांधलं. तेव्हा तुम्ही मला घेऊन गेलात. माझा डिप्लोमा नुकताच झाला होता आणि माझ्याकडे नवा मीटर होता.

मी अजून तो दिवस पाहते. मोटरसायकलवरून उतरते तर सगळे लाल धुळीत उभे आहेत. मालक माझ्याकडे न बघता तुम्हाला विचारतो, "मिस्त्री, चेडवाक कित्याक हाडलंस? ह्यो काय भातुकलीचो खेळ आसा?" तुम्ही पेटी खाली ठेवता आणि शांतपणे म्हणता, "माजा काम इंजिनाचा. ह्यो आजार बोलाचालीचो, तो तिचो." आदल्या दिवशी मी तुम्हाला समजावलं होतं की या मशीनमध्ये इंजिनाचा एक मेंदू असतो, पंपाचा वेगळा, पडद्याचा वेगळा, आणि ते एकमेकांना पीळ घातलेल्या दोन बारीक तारांवरून निरोप पाठवतात. निरोप पोचला नाही की मशीन घाबरून हळू होतं. तुम्ही ते किती नीट लक्षात ठेवलं होतं, हे मला तेव्हा जाणवलंही नाही. मला फक्त ती भातुकली ऐकू येत होती.

त्या दोन तारांच्या दोन टोकांना एकशेवीस ओहमचा एकेक रोध असतो. मशीन बंद करून मोजलं तर दोन्ही मिळून मीटरवर साठ ओहम यायला हवेत; तार मध्येच तुटली तर एकच रोध दिसतो. साठच आले. म्हणजे तारा चांगल्या. तुम्ही मागून विचारलंत, "हलवन बघलंस गो?" मी म्हणाले, बाबा, मीटर खोटं बोलत नाही. मग मी पंपाच्या मेंदूचा कनेक्टर उघडला आणि तो वास आला. आत तेल होतं, तुमच्या डब्यातलं. मला कारण हवं होतं, ते मिळालं. सगळ्यांसमोर मी म्हणाले की हे तेल असल्या नाजूक पिनांना लावायचं नसतं, यामुळेच निरोप अडतो. मी पिना पुसल्या, कनेक्टर बसवला, मशीन चालू केलं, आणि ते संध्याकाळपर्यंत एकदाही मरगळलं नाही. मालक हसून म्हणाला, "पोकलेन म्हणजे होडी नाय रे मिस्त्री, तेल पाजूक." चिरे भरणारी माणसंही हसली. तुम्ही एवढंच म्हणालात, "आसात. माका खंय कळता ह्यातला."

परत येताना वाटेत आपण चहाला थांबलो नाही. घरी आल्यावर तुम्ही तो डबा शेजारच्या होडीवाल्यांना देऊन टाकलात. त्यानंतर कोणत्याही खाणीवरून बोलावणं आलं की तुम्ही म्हणायचात, तू जा. आईला वाटलं तुमचे गुडघे दुखतात.

दोन महिन्यांनी त्याच मशीनचा पुन्हा फोन आला. मी एकटीच एसटीने गेले. कनेक्टर उघडला, आत तेलाचा थेंब नव्हता. मीटर लावला, साठ. मग दुसरं काही सुचेना म्हणून मीटर लावलेला ठेवून तारांची जुडी हाताने हलवत गेले. सीटच्या मागे आले तेव्हा साठाचे एकशेवीस झाले. सोडलं, पुन्हा साठ. काळी टेप सोलली तर आत जुना जोड, आधीच्या कुणीतरी नुसता हाताने पिळलेला, तांबं हिरवं पडलेलं. त्या दिवशी मी कनेक्टर काढताना-बसवताना ती जुडी थोडी सरकली होती, एवढाच माझ्या दुरुस्तीचा गुण. तेलाने काहीच केलं नव्हतं. उलट तेल लावलेल्या पिनाच तेवढ्या लख्ख होत्या, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

जोड झाळून घरी आले. तुम्ही पडवीत बसला होतात. विचारलंत, "काय गावला?" मी म्हणाले, वायर होती. मग तुम्ही विचारलंत, "हलवन बघलंस?" मी हो म्हणाले. पुढचं वाक्य तयार होतं, बाबा. पण निघताना मालक मला मॅडम म्हणाला होता आणि ते अजून कानात होतं. तुम्ही "बरा" म्हणालात आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलात. तुम्हाला कळलं होतं का, हे मी अनेकदा स्वतःला विचारलं आहे. कळलं असेल तर तुम्ही मला माफ केलंत. कळलं नसेल तर शेवटपर्यंत तुम्ही तुमच्या हाताला दोष देत राहिलात. दोन्हीपैकी कोणतं बरं, ते मला ठरवता येत नाही.

हा कागद मी मीटरच्या पिशवीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार. गेल्या आठवड्यात कुडाळच्या बाजूला एका मशीनवर काम करत होते. तिथल्या चालकाने विचारलं, मॅडम, मीटर लावून वायर हलवायची ही युक्ती कुठे शिकलात? मी म्हणाले, कॉलेजात.