उजव्या अंगाच्या सात फळ्या

आप्पा, धरणावरची लाँच दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढली आहे. ती पुन्हा चालवायची असं ठरलंय, आणि तिचा इतिहास व तळाची तपासणी असा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी याच पाटबंधारे खात्यातल्या सुताराची, तुमची मुलगी, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. संस्थानच्या काळातलं सागवान अजून ठणठणीत आहे. तांब्याचे खिळे हिरवे पडलेत, पण फळ्या धरून आहेत. फक्त उजव्या अंगाला, पाण्याच्या रेषेखाली, सात फळ्या गेल्या. तिथले खिळे लोखंडी आहेत. ते गंजले आणि भोवतीचं लाकूड काळं, मऊ झालं. टोच्या जोर न लावता आत जातो. शाहूवाडीचे मिस्त्री वाकून बघत म्हणाले, "कुठल्या शान्यानं मारल्यात ओ हे, मॅडम? पाण्यात लोखंड! त्यापरीस शेणानं लिंपायचं की." मी मापं लिहीत राहिले.

ते खिळे तुम्ही मारलेत. मला तो दिवस अजून दिसतो: मी सातवीत आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, तुमचा डबा घेऊन आले आहे. बाकी सगळे तांब्याचे, मग हे वेगळे का, असं मी विचारते. "तांब्याचं मागितलं हुतं. आलं न्हाईत." मग थांबायचं, मी म्हणते. तुम्ही हातोडी खाली ठेवता. "सायेब सोमवारी बसणार हाईत हिच्यात. तू सांगतीस व्हय त्यास्नी, थांबा म्हणून?" मला ती सबब वाटली होती. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

लाँचच्या जुन्या कागदांत तिच्यात बसलेल्या पाहुण्यांची नावं आहेत, अधिकाऱ्यांची आहेत. सुताराचं एकही नाही. तुमचं लिहिलं, तर सात फळ्या नासवणारा म्हणूनच लागणार. नाही लिहिलं, तर तुम्ही तिथे नव्हताच. अहवालातली त्या दुरुस्तीची ओळ आठवडाभर रिकामी होती. आज लिहिली: तुमचं पूर्ण नाव, हुद्दा, लोखंडी खिळे. आणि पुढे, 'तांब्याचे खिळे मागूनही मिळाले नाहीत.'

त्या मागणीचा कागद मी खात्याच्या दप्तरात शोधला. सापडला नाही. अहवालातल्या बाकी प्रत्येक विधानाला मी पुरावा जोडला आहे. या एका ओळीला तुमच्या बोलण्याखेरीज पुरावा नाही, आणि पुरावा नाही हे मी अहवालात म्हटलेलं नाही.