देवांच्या फळीवरचा स्पीकर

तीर्थरूप आईस,
दुरूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. डाव्या पायाला प्लॅस्टर आहे, पण घाबरू नकोस, अंगठाच काय तो मोडलाय. मी घरून निघताना तू तुझ्या भजनाची कॅसेट भरून दिली होतीस, ती ऐकायला जुना स्टिरिओ आणला. दुकानदार म्हणाला, "स्पीकर जड आहेत, जमिनीवरच ठेवा." पण तुझ्या तोंडचं देवाचं नाव पायांपाशी कसं ठेवू? म्हणून दोन्ही स्पीकर देवांच्या फळीवर चढवले. फळी भिंतीतून उखडली. देव मी हातांनी झेलले, एक स्पीकर पायावर आला.

शेजारचा वायरमन हसून म्हणाला, "काका, तुम्ही देव वाचवलेत, त्यांनी तुमचा पाय नको होता वाचवायला?" वायरी मात्र त्यानेच जोडून दिल्या.

काल कॅसेट लावली. भजन थांबवून मधेच तू ओरडतेस, "अरे, पान वाढलंय, ये की!" मी "आलो" म्हणून उठलोसुद्धा. प्लॅस्टर जमिनीला टेकलं तेव्हा भानावर आलो.

तुझे गुडघे कसे आहेत? धाकटा औषध वेळेवर आणतो ना?

आणखी एक कॅसेट भरून पाठव. भजन थोडं कमी असलं तरी चालेल, पण जेवायला हाक मार.

तुझा थोरला