चौथ्या दिवसाची गोळी

अण्णा, तुमच्या त्या मलेरियाच्या गोळ्यांबद्दल लिहायचं आहे, दुसरं काही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मागच्या महिन्यात माझा नातू, लेकीचा मुलगा, जन्मल्यावर दोन दिवसांत हळदीसारखा पिवळा झाला. डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासून जे सांगितलं, ते ऐकून माझी झोप उडाली. बाळ आता बरं आहे. मीच बरी नाही.

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी तेरा वर्षांची, धाकटा भाऊ सात. आपण कोल्हारजवळ राहायचो. कालव्याचं पाणी, उसाचे फड, आणि डास तर माणसाला उचलून नेतील असे. तुम्ही मलेरिया खात्यात. सायकलवर दारोदार फिरायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकायची. बायका तुम्हाला सुईवाला म्हणायच्या आणि पोरं कणगीमागं लपवायच्या. आणि मग धाकट्याच्याच काचपट्टीत मलेरिया निघाला! गावाला फुकटची करमणूक झाली. "मलेरियावाल्याच्याच घरात मलेरिया," असं चावडीपाशी कुणीतरी म्हणालं, ते तुम्हाला फार लागलं. पाच दिवसांचा कोर्स तुम्ही स्वतःच्या हातानं सुरू केलात. गोळी दिल्यावर त्याला 'आ' करायला लावून, जीभ वर करून बघायचात. परक्या पोरांचंही तुम्ही इतकं बघत नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई तुम्हाला मोरीपाशी घेऊन गेली. "आवं, बघा तरी. कोऱ्या च्यावानी लघवी झालीय पोराला. डोळं बी पिवळं दिसत्यात." तुम्ही कंदील खाली धरून बघितलंत आणि म्हणालात, "ताप बाहेर पडतोय. कोर्स अर्धवट सोडला तर परत उलटंल." आई ऐकेना. "माज्या भावाला पलटनीत असल्याच गोळ्या दिल्त्या, त्याचंबी असंच झाल्तं. मरता मरता वाचला त्यो. आमच्यातल्या बापय मानसांना हीव फारसं धरत न्हाई, पन औशिद सोसत न्हाई. आन ह्यो मामाच्या वळणावर गेलाय." तुम्ही हसलात. मला ते हसणं अजून आवडत नाही. "नाकानं गेला असंल मामाच्या वळणावर. रक्तानं कोण जातंय? सुईखाली सगळ्यांचं रक्त सारखंच." मीही तुमच्याबरोबर हसले, अण्णा. मी सातवीत पहिली आलेली, आई अंगठेबहाद्दर. कुणाच्या बाजूनं हसायचं हे मला पक्कं ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही लवकरच फेरीला निघालात, आणि गोळी तर पोटात काही गेल्यावरच द्यायची. दवाखान्यातले डॉक्टर नगरला गेलेले, परवा येणार होते. आईवर तुमचा भरवसा नव्हता, म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या कागदात बांधून तुम्ही माझ्या हातात दिल्यात. "तू शहाणी हायेस. माझ्याच पोरानं कोर्स सोडला, तर मी कुठल्या तोंडानं दुसऱ्याच्या दारात जाऊ?" सायकल वळणाआड जाते आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन धाकट्याजवळ बसते. त्याचे ओठ पांढरेफटक. छाती धपापतेय. तो कुरकुर करत नाही, रडत नाही. माझ्या हातात गोळी बघून आपणहून 'आ' करतो. तुम्ही शिकवलं होतं ना! गोळी धरलेली मूठ मी मिटली. आईचं मला पटलं होतं असं नाही. मला नुसती भीती वाटली, की हा माझ्या हातून मरेल. मी उठले आणि गोळी चुलीत टाकली. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशीची गोळीही तिथंच गेली. दोन्ही संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "दिलीस?" मी म्हटलं, "दिली."

नातवाच्या डॉक्टरांनी मला कागदावर रेघा मारून समजावलं. अशा माणसांच्या लाल पेशींत एक द्रव्य कमी असतं. एरवी कळतही नाही, पण काही औषधं पोटात गेली की पेशी फुटायला लागतात आणि लघवीवाटे जातात. तुमची गोळी त्यातलीच. आणि ह्याच रक्तात मलेरियाचा जंतू नीट वाढत नाही, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. मुलाला ते आईकडूनच येतं. बापाचा संबंध नाही. म्हणजे आजीकडून आईला, आईकडून धाकट्याला आणि मला, माझ्याकडून लेकीला, लेकीकडून बाळाला. अंगठेबहाद्दर बाई शब्दन्‌शब्द खरं बोलली होती, आणि आपण दोघं शहाणे हसत होतो. तुम्हाला तेव्हा हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, हेही मला समजतं. पण राग येतो तो येतोच.

धाकटा वाचला. आठवडाभरात लघवी निवळली, महिन्यात पोरगं पुन्हा कालव्यात उड्या मारायला लागलं. आज तो आजोबा आहे आणि त्याला यातलं काही आठवत नाही. तुम्ही मात्र ही हकीकत प्रत्येक दारात सांगायला लागलात. "काळी लघवी झाली तरी मी डगमगलो नाही, पाचही दिवस गोळी दिली म्हणून माझा पोरगा वाचला." बायका ऐकायच्या. पोरं लपवायच्या बंद झाल्या. तुम्ही इतके खूश असायचात, की खरं सांगायला माझी जीभ उचलेना.

हे पत्र मी कुठं टाकणार? लेकीलाही दाखवणार नाही. पण एक सांगितल्याशिवाय लिहिणं संपत नाही. त्या पावसाळ्यात एका रविवारी तुम्ही मला सायकलवर मागं बसवून कालव्यापलीकडच्या एका वस्तीवर नेलं होतं. तिथल्या बाईचा पोरगा धाकट्याएवढाच. तीन गोळ्या झालेल्या, लघवी तशीच. ती बाई चौथी द्यायला तयार नव्हती. तुम्ही आपली हकीकत सांगितलीत. तिनं ती सगळी ऐकली, तुमच्याकडं न बघता माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "व्हय गं बाय, खरं हाय का? पाची दिल्या तुज्या भावाला?"

मी म्हटलं, "व्हय."

तिनं पोराला 'आ' करायला सांगितलं. पुढच्या फेरीला तुम्ही त्या वस्तीवर निघालात, तेव्हा मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले. त्या पोराचं काय झालं, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही.