मागच्या सीटची कडा

बाबा,

गाडी अजून आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिल्यांदा हेच विचारलं असतंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझी शाळेतली नोकरी संपली, सड्याच्या माळावरची तुमची जांभ्या दगडाची चिरेखाण बंद पडून तिच्यात आता पाणी साठतं आणि म्हशी डुंबतात, पण गाडी चालते. गेल्या त्या सीटा. ड्रायव्हरच्या सीटचा फोम इतका बसला होता की पुढचा रस्ता दिसावा म्हणून मी खाली उशी घ्यायला लागले होते. कुशनवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, आंब्याचा सिझन संपला की या. मला असं थांबायला सांगितलं की माझं डोकं फिरतं, हे तुम्हाला माहीतच आहे. लेकीने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला, मी फोमची लादी, रबराचं सोल्युशन आणि जाड कापड आणलं आणि अंगणात बैठक मारली. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "आता गाडीची गोधडी शिवणार काय?" मी म्हटलं, शिवणार, आणि तुम्हालाच पांघरायला देणार.

खरं सांगायचं तर काम छान जमलं. कापड आतल्या तारेला कड्यांनी अडकवलेलं असतं, त्या कड्या पक्कडीने उलगडायच्या, कुजका फोम कापून काढायचा, नवा तुकडा चिकटवायचा आणि कापड ताणून पुन्हा शिवायचं. शिवायला भाताची पोती शिवायचं तुमचंच दाभण घेतलं. दुपारपर्यंत माझी सीट उभी राहिली आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण हात चालू होता, म्हणून मागची सीटही उचकटली.

मागच्या सीटवर रेक्झिनचं कव्हर आहे. ते तुम्ही गेल्यानंतर चढवलं, त्यामुळे तुम्ही पाहिलेलं नाही. ते काढलं आणि खालचं मूळचं कापड दिसलं. तेच फिकट बदामी, ज्यावरून गाडी घेताना हे शोरूममध्ये माझ्याशी भांडले होते. इतक्या वर्षांनीही नवंकोरं. पाठ टेकायची जागा स्वच्छ, बसायची जागा स्वच्छ. फक्त मधोमध, अगदी पुढच्या कडेला, वीतभर रुंदीचा लाल पट्टा. चिऱ्याची धूळ, शिवणीत मुरलेली. त्या पट्ट्याखालचा फोम चेपून चेपून पार भुगा झालेला, आणि बोटभर मागे गेलं की तोच फोम कंपनीतून आल्यासारखा टणक. माझ्या सीटच्या पाठीमागे, वरच्या बाजूला, चार बोटांचे लाल ठसे.

शाळा सुटल्यावर मी सड्यावरून यायची आणि तुम्हाला खाणीवरून घ्यायची. पुढच्या सीटवर माझी पर्स, डबा आणि तपासायच्या वह्या, म्हणून तुम्ही मागे. दिवसभर चिरे तासून तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत लाल झालेले असायचात. गाडी सुरू झाली की आरशात तुमचा चेहरा यायचा, अगदी माझ्या खांद्यापाशी, दोन सीटांच्या मधोमध. मी म्हणायची, "बाबा, मागे टेकून बसा की." तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊं दे गो बाय, हितं बरा वाटताय. तू रस्त्याकडं बघ." आणि मग घरी पोचेपर्यंत गप्पा. कुठला चिरा पोकळ निघाला, मुकादम काय बोलला, आमच्या शाळेत कुणी काय केलं.

मी समजायची, बाबा माझ्याशी बोलायला पुढे सरकतात. तुमच्या तेराव्याला सगळ्या नातेवाइकांसमोर मी हेच सांगितलं. माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमातही सांगितलं, की माझ्या वडिलांना मी गाडीतून फिरवलं, ते लहान मुलासारखे पुढे वाकून माझ्याशी बोलत बसायचे. लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले. तुमची एवढी एकच आठवण मी इतकी जपली, इतकी मिरवली, आणि ती त्या वीतभर पट्ट्याने खोटी पाडली. तुम्ही सीट मळू नये म्हणून कडेवर तोलून बसायचात. तोल जाऊ नये म्हणून माझ्या सीटला धरायचात. दिवसभर घण आणि टिकाव चालवलेल्या कमरेने.

आणि मग पहिला दिवस आठवला. गाडी नवी होती, मी आनंदात होते, दार उघडून हसत म्हणाले होते, "झटकून बसा हां, बाबा." बस, एवढंच. तुम्ही खांद्यावरच्या पंच्याने खूप वेळ झटकत राहिलात, मीच मग म्हटलं, पुरे आता, चला. त्यानंतर मी पुन्हा कधी काही बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही, हे मला आत्ता कळतंय. हे म्हणतात, "अगं, त्यांना बोलायचंही असेल की. दोन्ही असेल." असेल. पण मला आता स्वतःचीच लाज वाटते, आणि ती अशा समजुतीने जात नाही. मुंबईला भावाला फोन लावला होता सांगायला. तो म्हणाला, "तुझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात बाबांबद्दल किती छान बोललीस गो." मी पाऊसपाण्याचं बोलून फोन ठेवला.

कडेचा भुगा काढून तिथे सगळ्यात जाड फोम घातला. नवं कापड ताणून शिवलं, सुरकुती नाही कुठे. वाटलं, आता या सीटवर जो बसेल तो आरामात मागे सरकून बसेल. मनाशी अगदी ठरवलं तसं.

काल दुपारी पावस गावाहून येत होते. फाट्यावर आपल्या वाडीत मासे घेऊन येणारी पूर्णगडची बाई उभी होती, तीच, जिच्याकडून आई सौंदाळे घ्यायची. आता तीही म्हातारी झाली. एसटी आली नव्हती. रिकामी पाटी डोक्यावर, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मी गाडी थांबवली, पाटी डिकीत ठेवली आणि मागचं दार उघडलं. तिने नव्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि बाबा, मी काही ठरवायच्या आत माझा हात पुढच्या सीटवरच्या टॉवेलकडे गेला. तो मी सीटवर अंथरला, चारी कोपरे सारखे करून. ती बसली. अगदी कडेला, टॉवेलच्याही कडेला, आणि तिने माझ्या सीटची पाठ धरली.

मी आरशात बघून म्हटलं, "मावशी, मागे सरकून नीट बसा ना."

"ऱ्हाऊं दे गो बाय," ती म्हणाली, "हितं बरा वाटताय."

पूर्णगडच्या खाडीपर्यंत ती माझ्याशी बोलत होती, नातवाबद्दल काहीतरी. मी हो हो करत होते. गाडी थांबवून तो टॉवेल काढता आला असता. रस्ता मोकळा होता. मी नाही काढला, बाबा.