झिनियाला दोन इंच पाया

२ फेब्रुवारी, सकाळी ७
ही बहिणीकडे जाऊन आज बावीस दिवस. हवापालट. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, आई हवापालटाला गेलेली नाही. तिला काय कळतंय. बाल्कनीला टाइल्स बसवताना हिच्या सगळ्या कुंड्या भंगारवाल्याला दिल्या, एवढंच झालं. विचारायचं राहिलं. तेवढ्यावरून कोणी घर सोडतं का? तरी मी मोठ्या मनाचा. झिनिया आणि कॉसमॉस बियांपासून वाढवणार. आधी फुलं, मग मधमाश्या, फुलपाखरं, त्यांच्यामागोमाग ही. साठ दिवसांचा प्रोजेक्ट.

३ फेब्रुवारी
नव्या कुंड्या आणून बी पेरलं. पाकिटावर लिहिलंय, पाव इंच खोल. हसू आलं. तीस वर्षं साइट सुपरवायझर होतो. पाया किती खोल घ्यायचा हे मला पाकिटाने शिकवू नये. दोन इंच घेतला. वरून माती ठोकून घट्ट केली.

४ फेब्रुवारी
स्लॅबला मारतो तसं दिवसातून तीनदा पाणी. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या, म्हणाल्या, वाळलेले कपडे परत भिजले. त्यांना क्युरिंग समजावून सांगितलं. ऐकून न घेताच गेल्या.

१४ फेब्रुवारी
वर काही नाही. आतून काम चालू असणार. हिला मातीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, प्रगती समाधानकारक. तिने बघितला. रिप्लाय नाही. बिझी असेल.

२६ फेब्रुवारी
सहा हिरवे कोंब. डोळ्यांत पाणी आलं. माती गेली असेल.

९ मार्च
नर्सरीवाल्याला मुद्दाम घरी बोलावून दाखवलं. म्हणाला, काका, हे तण आहे, तुमचं बी केव्हाच कुजलं. त्याला चहा न देता पाठवला. मग तिथेच बसून राहिलो. घरात कोणी भांडं आपटत नाही, कोणी माझ्यावर वैतागत नाही. मला हे सहन होत नाही. हे वाक्य खोडावं का? राहू दे, कोण वाचतंय.

२ एप्रिल
हिचा स्वतःहून फोन. परवा येतेय. मी म्हणत नव्हतो? नर्सरीतून फुललेल्या बारा झिनिया आणून ठेवल्या. तात्पुरती व्यवस्था. साहेब येणार म्हटल्यावर साइटवर आम्ही रंग मारायचोच. दुपारी एक मधमाशीही येऊन गेली.

४ एप्रिल, संध्याकाळ
आली. बाल्कनीत उभी राहिली. छान आहेत म्हणाली, नर्सरीतल्या ना. मी ऊन, ड्रेनेज आणि मातीचा दर्जा यांवर तासभर बोललो. तिने ऐकून घेतलं. नेहमीच घ्यायची. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. ते राहिलं.
मग तिने उरलेल्या साड्या, औषधं, जुना चष्मा बॅगेत भरला. एक खोली भाड्याने घेतलीय, तिला गॅलरी आहे म्हणे. जाताना घराची किल्ली टेबलावर ठेवली. मी म्हणालो, असू दे, लागेल. तर म्हणाली, नको, आले तर बेल वाजवेन.
छत्तीस वर्षं तिचं घर होतं हे. मी म्हणालो, बरं.