भिंतीमागचे पाच फूट

धुळे, ३ मार्च १९६८
आज किल्ली हातात आली! घर जुनं, पण मजबूत. नीटनेटकं करून विकायचं आणि जळगावला चंद्रकांतेच्या माहेराजवळ जागा घ्यायची, असं आम्हा नवराबायकोचं ठरलंय. कापडाच्या दुकानात वीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं, गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी घेतं. म्हणून न्हाणीत नळ, खाली शहाबादी फरशी, मग रंग. चंद्रकांता म्हणते, स्वयंपाकघर मोठं हवं, बायका आधी तेच बघतात. पटलं.

६ मार्च
तोताराम गवंडी आला. फीत लावली तर घर बाहेरून बावीस फूट, आतून सतरा. स्वयंपाकघरामागे पाच फुटांची खोली बुजवलेली आहे! तेवढी आत घेतली की काम झालं. चंद्रकांता हरखून गेली.

७ मार्च
भरदुपारी भिंत फोडली. खोलीला दुसरं दार नाही, खिडकी नाही, आत काही सामान नाही. जमीन मात्र शेणाने सारवलेली, आणि ओली. बोटांचे फराटे ताजे. तोतारामने हात लावून पाहिला. "भाऊ, हाई आतेच सारेल शे," आत्ताच सारवलंय, असं म्हणाला आणि थापी तिथेच टाकून गेला. ओल आली असेल, असं मी चंद्रकांतेला सांगितलं. तिला पटलं नाही. मलाही.

९ मार्च
शेजारच्या झुंबरअक्कांना विचारलं. आधीच्या मालकाच्या बायकोला घर विकायचं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की ती त्या खोलीत सारवत बसायची, उठायची नाही. एक दिवस मालकाने तिथे भिंत घातली. बायको माहेरी गेली म्हणाला. अक्का म्हणाल्या, तिला माहेरचं कोणी उरलंच नव्हतं.
लोक काहीही बोलतात. दुसऱ्या गवंड्याकडून त्या खोलीत फरशी बसवून घेतली. घर विकलं की सुटलो.

१० मार्च
नव्या फरशीवर सारवण. ओलं. फोडलेली वाट काल चार फूट रुंद होती, आज तीन. कडांना चिखल, त्यावर बोटं उमटलेली. मी पहारीने पुन्हा पाडली.

११ मार्च
पहिलं गिऱ्हाईक, लखीचंदभाऊ, घर बघून गेले. आतल्या बाई घर विकायचं नाही म्हणाल्या, तर मग बोलावलं कशाला, असं रागाने विचारत होते.
चंद्रकांता तेव्हा माझ्या शेजारी उभी होती.

१२ मार्च
चंद्रकांतेच्या नखांत शेण. तिला काही आठवत नाही. उद्याच्या बसने जळगाव. घर राहू दे तसंच.

१३ मार्च
टांगा दारात. ट्रंक चढवली. चंद्रकांता कुठे—
खोलीत. सारवतेय. "आपण कुठंही जायचं नाही," म्हणते. मान वर करत नाही. दंड धरून ओढलं, हलत नाही. मागे वळलो तर वाट हातभर—

टांगेवाला हाका मारतोय. मी ओरडतोय, त्याला ऐकू जात नाही. पहार बाहेर राहिली. नखांनी— ओलं आहे, तरी निघत नाही—

फट चार बोटं. तेवढ्या उजेडात लिहितोय. कोणी वाचलं तर भिंत फोडा, आम्ही दोघं—

मनगट धरलंय. घट्ट. चंद्रकांते, सोड, म्हटलं.
तिचे दोन्ही हात जमिनीवर आहेत. मग हा—