चिंचेनं घासलेलं नाणं

माय,

तू केळीत पाणी द्यायला गेलीस आणि माझी धुळ्याची गाडी साडेअकराची, म्हणून लिहून ठेवतेय.

काल जळगावला नाणी जमवणाऱ्या चौधरी सरांनी आपल्या चंदनचं नाणं भिंगाखाली धरलं. ते स्पेनच्या राजाचं आहे, मेक्सिकोत पाडलेलं, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं. सुरतेच्या व्यापाऱ्यांसोबत इकडे आलं असेल, म्हणाले. तापीकाठी धातू शोधायचं यंत्र फिरवत फिरवत त्याला ते सापडलं, तेव्हापासून "अक्का, हा कोणता राजा गं?" विचारत राहायचा. आता नाव कळलं, कार्लोस, तर सांगायला तो नाही.

"चिंचेनं कोणी घासलं? काळं असतं तर दुप्पट किंमत आली असती," असं सर बोलले आणि घरी येऊन मी तुझ्यावरच ओरडले. तू एवढंच म्हणालीस, "आखाजीले बठ्ठा देव घासतस, मंग मना पोऱ्यानं नाणंच काळं कसं ठेवू?" आणि न जेवता निजलीस.

माय, किमतीचं मला काही नव्हतं गं. त्यानं ते कधी धुतलंच नव्हतं. त्या काळपटात त्याच्या बोटांची माती असेल, एवढंच मनात होतं. पण आखाजीला पितरांसोबत त्याचीही पहिली घागर भरायची, तर त्याला न्हाऊ घालणार तूच ना.

नाणं घागरीपाशी परत ठेवलंय. सरांचा माणूस आला तर विकायचं नाही म्हण. भाकरी झाकून ठेवलीय, खा. पोचल्यावर फोन करते. रागात असलीस तरी उचल.

रूपाली